टाकी भरली की मोटर आपोआप बंद!

रायपूरच्या शंकर नगरात उन्हाळ्यात सकाळी फिरायला निघालात तर दोन आवाज हमखास कानी पडतात. पहिला, घराघरांतून येणारी मोटरींची घरघर. दुसरा, त्यानंतर अर्ध्यापाऊण तासाने कुठल्या तरी गच्चीवरून भिंतीवर, भिंतीवरून दारातल्या स्कूटरवर आणि तिथून रस्त्यावर पडणाऱ्या पाण्याचा. शेजारून हाक येते, “अहो काकू, टाकी भरली!” काकू बिचाऱ्या पोळ्यांना बसलेल्या असतात, काका आंघोळीला गेलेले असतात आणि मुलाच्या कानात गाणी चालू असतात. पाणी वाहतच राहते.

हे पाणी येते कुठून? धमतरीजवळ महानदीवरच्या गंगरेल धरणातून सोडलेले पाणी खारुन नदीत येते, भाठागावला उपसले जाते, शुद्ध होते, मग शहरातल्या उंच टाक्यांत चढवले जाते. तिथून ते आपल्या अंगणातल्या हौदात उतरते आणि पुन्हा एकदा आपली मोटर ते गच्चीवर चढवते. इतके सव्यापसव्य करून वर गेलेले पाणी दहा मिनिटे गटारात जाऊ द्यायचे! हिशेब अगदी सोपा आहे. घरगुती लहान मोटर मिनिटाला तीसेक लिटर पाणी वर चढवते असे धरा. रोजची दहा मिनिटे म्हणजे ३०० लिटर, महिन्याचे ९,००० लिटर. हजार लिटरच्या नऊ टाक्या!

याची उलटी बाजू आणखी खर्चाची आहे. हौदातले पाणी संपले आणि मोटर चालूच राहिली, तर पंपाचे सील जळते, कारण ते पाण्यानेच थंड राहत असते. नंतर वायंडिंगचा नंबर लागतो. ऐन मे महिन्यात मोटर दुरुस्तीला गेली की घरातल्या बाईचे काय हाल होतात, ते सांगायला नकोच.

यावर उपाय म्हणून बाजारात तयार डबे मिळतात आणि त्यांतले काही चांगलेही असतात. पण ज्या घरात सोल्डरिंगची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात हा डबा बनवता येतो. त्याच्या पोटात बसणाऱ्या वस्तूचे नाव मायक्रोकंट्रोलर.

नखाएवढा हिशेबनीस

नाव भारदस्त असले तरी वस्तू रोजच्या ओळखीची आहे. वॉशिंग मशीनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये, इंडक्शनच्या शेगडीत, टीव्हीच्या रिमोटमध्ये हाच बसलेला असतो. एकाच चिपमध्ये छोटासा संगणक, त्याची स्मरणशक्ती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी काही पाय. एखाद्या पायावर ‘बटण दाबले आहे का’ हे तो पाहतो, दुसऱ्या पायावरून दिवा लावतो. मधल्या वेळात काय करायचे ते आपण लिहून दिलेले असते.

अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या गॅरी बून आणि मायकेल कोक्रन या अभियंत्यांनी १९७१ मध्ये अशी पहिली चिप तयार केली. ती १९७४ मध्ये बाजारात आली. १९८० साली इंटेलने काढलेली ‘८०५१’ ही चिप पुढे आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इतकी रुजली, की एका अख्ख्या पिढीने मायक्रोकंट्रोलर म्हणजे ८०५१ असेच मानले. त्या काळी प्रोग्राम ज्या चिपमध्ये भरत तिच्या पाठीवर काचेची एक इवलीशी खिडकी असे. चूक झाली की चिप काढायची, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवून पुसायची आणि पुन्हा भरायची. एका स्वल्पविरामाच्या चुकीपायी दुपार जायची. पुढे विजेनेच क्षणात पुसता येणाऱ्या चिप आल्या. मग २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो नावाचा तयार बोर्ड जन्मला आणि हे काम शाळकरी मुलांच्या हाती आले. आज असा साधा बोर्ड काहीशे रुपयांत मिळतो.

आता एक प्रामाणिक गोष्ट. टाकी भरली की मोटर बंद, एवढेच हवे असेल तर मायक्रोकंट्रोलरची गरजच नाही. तरंगत्या गोळ्याचा स्विच, म्हणजे फ्लोट स्विच, हे काम करतो. चिप लागते ती थांबायला, मोजायला आणि शंका घ्यायला. कशी, ते पाहू.

पाण्याची पातळी कळणार कशी?

जुनी पद्धत म्हणजे टाकीत वेगवेगळ्या उंचीवर तारा सोडायच्या. पाणी तारेला टेकले की थोडासा प्रवाह वाहतो आणि ट्रान्झिस्टर दिवा लावतो. पहिले दोन-तीन महिने सगळे छान चालते. मग एक दिवस टाकी भरूनही मोटर बंद होत नाही. वर जाऊन पाहावे तर तांब्याची तार हिरवी पडून गळून गेलेली! पाण्यातून एकाच दिशेने सतत वीज वाहत राहिली की धातू झिजतोच.

इथे चिपची पहिली करामत. तिला सांगायचे, तारांना वीज सतत देऊ नकोस. दर पाच सेकंदांनी एक क्षणभर दे, तेवढ्यात पाणी आहे का पाहा आणि लगेच बंद कर. पुढच्या वेळी दिशा उलटी कर. तारांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापरल्या तर त्या बराच काळ टिकतात. खर्च वाढत नाही, फक्त प्रोग्राममध्ये चार ओळी वाढतात.

आजकाल मुलांना अल्ट्रासॉनिक सेन्सरचे फार आकर्षण असते. टाकीच्या झाकणाखाली बसवलेला सेन्सर कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. पाणी एक मीटर खाली असेल तर हा वेळ सुमारे ५.८ मिलिसेकंद असतो. गंमत अशी की तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगाने जातो. जानेवारीतल्या पहाटे आणि मेच्या दुपारी एकाच पातळीचे माप काही सेंटीमीटरने वेगळे येते. टाकीसाठी एवढा फरक चालतो. खरी अडचण वाफेची असते. झाकणाखाली दव जमते आणि सेन्सर भलतेच आकडे सांगू लागतो. शिवाय पाण्यात टिकणाऱ्या अशा सेन्सरांना वीसेक सेंटीमीटरपेक्षा जवळचे दिसतच नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरत आली की नेमक्या वेळी तो आंधळा! मला विचाराल तर घरच्या टाकीसाठी दोन फ्लोट स्विच, एक वर आणि एक खाली, हेच बरे. दिसायला साधे, पण पंधरा ऑगस्टला आणि दिवाळीला सारखेच चालणारे.

चिपला काय शिकवायचे?

खालचा फ्लोट रिकामे म्हणाला की मोटर चालू, वरचा भरले म्हणाला की बंद. मधल्या पातळीत आहे तसेच चालू द्यायचे. हे ‘मधले’ फार महत्त्वाचे. एकाच पातळीवर चालू-बंद ठेवले तर पाण्याच्या लाटेसरशी मोटर दर सेकंदाला थबकेल आणि सुरू होईल. म्हणून लाट आहे की खरेच पाणी, हे ठरवायला तीन-चार सेकंद सलग एकच उत्तर येईपर्यंत थांबायला सांगायचे.

पुढचा प्रश्न हौदाचा. तिथेही एक फ्लोट असावा आणि हौद रिकामा असेल तर वरची टाकी कितीही तहानलेली असो, मोटर लावायची नाही. एवढ्यावर भागत नाही, कारण फ्लोट अडकतात. तुमची टाकी भरायला ३५ मिनिटे लागत असतील तर चिपला सांगा, काहीही झाले तरी ४५ मिनिटांपुढे मोटर चालवू नकोस. वेळ संपली तर बंद कर, घंटी वाजव आणि माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत पुन्हा हात लावू नकोस. फ्लोट बिघडला तरी नुकसान दहा मिनिटांच्या पाण्याचे, मोटरीचे नाही.

वीज जाऊन परत येते तेव्हा काय होते, हेही आठवा. गल्लीतल्या सगळ्या मोटरी, फ्रिज, कूलर एकाच क्षणी ओढू लागतात आणि दिवे मिणमिणतात. अशा कमी दाबाच्या विजेवर मोटर उचलत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. आपल्या चिपला वीज आल्यावर पाच मिनिटे स्वस्थ बसायला शिकवता येते. शेजारच्या घरातही असाच डबा असेल तर त्याला सात मिनिटे सांगा.

आणि चिपच गोंधळली तर? मोटर चालू-बंद होताना विजेच्या तारांत झटके उठतात. त्यांनी कधी कधी चिप जिथल्या तिथे खिळून बसते. मोटर चालू आणि चिप बेशुद्ध, यापेक्षा वाईट काय असणार! यासाठी बहुतेक मायक्रोकंट्रोलरांच्या आतच ‘वॉचडॉग’ नावाचा राखणदार असतो. चिपने ठरावीक वेळात त्याला ‘मी जागी आहे’ असे सांगितले नाही, तर तो तिला धक्का देऊन पहिल्यापासून सुरू करतो. हौशी मुले हा राखणदार जागा करायला हमखास विसरतात, कारण टेबलावर सगळे त्याच्याशिवायही चालते. म्हणून घरच्या मोठ्यांनी मुद्दाम विचारावे, “वॉचडॉग लावला का रे?”

मधला दुवा

चिपच्या पायातून निघते जेमतेम ५ व्होल्टची, एखादा छोटा दिवा लागेल एवढी वीज. मोटर चालते २३० व्होल्टवर आणि सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. या दोघांची गाठ थेट घालता येत नाही. चिप ट्रान्झिस्टरला सांगते, ट्रान्झिस्टर रिलेला आणि रिले कॉन्टॅक्टरला. बोर्डासोबत येणाऱ्या निळ्या रिलेवर ‘१० अँपिअर’ लिहिलेले असते, ते वाचून अनेकजण मोटर सरळ तिच्यावर जोडतात. चार-सहा आठवड्यांत तिचे पॉइंट चिकटतात. मग चिप ‘बंद कर’ म्हणत राहते आणि मोटर चालूच. कॉन्टॅक्टरला खर्च येतो खरा, पण जळालेल्या मोटरीपेक्षा तो कितीतरी स्वस्त.

इथे जिवाशी गाठ आहे

आता जे सांगायचे आहे ते घरातल्या प्रत्येकाने वाचावे.

चिपला लागणारे ५ व्होल्ट मिळवण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कंडेन्सरच्या साह्याने घरातल्या विजेतूनच थोडा प्रवाह काढून घेतात. दिव्यांच्या माळांत आणि काही स्वस्त वस्तूंत हे तंत्र असते आणि प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात ते चालूनही जाते. पण या मार्गाने बनवलेल्या सर्किटचा प्रत्येक भाग घरातल्या २३० व्होल्टशी थेट जोडलेला राहतो. मोजायला ५ व्होल्ट, पण जमिनीच्या तुलनेत अंगावर येणार पूर्ण फेज! अशा सर्किटच्या तारा टाकीच्या पाण्यात सोडल्या, तर खाली नळाखाली हात धुणाऱ्या माणसाचे काय होईल याची कल्पना करा.

म्हणून पाण्यात जाणारी कुठलीही तार ट्रान्सफॉर्मरने किंवा चांगल्या प्रतीच्या अडॅप्टरने वेगळ्या केलेल्या ५ किंवा १२ व्होल्टचीच असली पाहिजे. ‘ट्रान्सफॉर्मर नसलेले सोपे सर्किट’ असे कुठे छापलेले दिसले, तर पाण्याच्या कामाला ते वापरायचे नाही. मुलांनी ५ आणि १२ व्होल्टच्या बाजूला हवे तितके खेळावे. कॉन्टॅक्टर, मोटर आणि अर्थिंगची बाजू लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच जोडावी. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर तो नुसता शोभेचा आहे.

कूलरचे शहाणपण

मेच्या अखेरीस नौतपा लागला की रायपूर काय आणि नागपूर काय, घरोघरी कूलरचेच राज्य. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. प्रांत वेगळे झाले तरी ऊन काही वेगळे झाले नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडते, कोरडी हवा त्यातून जाते, पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. पण ताट्या एकदा भिजल्या की पंप सतत चालायची गरज नसते. एकदा घड्याळ लावून पाहा, पंप बंद केल्यावर ताट्या किती मिनिटे ओल्या राहतात. समजा सहा मिनिटे राहिल्या, तर चिपला सांगायचे, दोन मिनिटे पंप चालू आणि चार मिनिटे बंद. हवा तितकीच गार राहते आणि पंपाचा आवाजही कमी होतो.

तापमान आणि दमटपणा सांगणारा छोटा सेन्सर जोडला तर आणखी एक काम होते. पावसाळा जवळ आला, हवा दमट झाली की कूलरमधले पाणी उपयोगाचे उरत नाही, उलट खोलीत चिकचिक वाढते. दमटपणा ठरावीक आकड्यापुढे गेला की पंप बंद आणि फक्त पंखा चालू, हे चिपला सहज जमते. सेन्सर मात्र कूलरच्या झोतात लावू नये. तो खोलीची नव्हे, कूलरचीच हवा मोजत बसेल.

कूलरची पेटी लोखंडी, त्यात पाणी आणि पाण्यात २३० व्होल्टचा पंप. विदर्भात आणि इकडेही दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पाणी भरताना प्लग काढणे हा नियम आहेच. पण जिथे चिप आणि अडॅप्टर बसवायचेच आहे, तिथे १२ व्होल्टचा पंप बसवावा. मग पाण्याला घरातल्या विजेचा स्पर्शच होत नाही. पंखा आणि पेटीचे अर्थिंग मात्र तरीही हवेच. या लेखातल्या सगळ्या कल्पनांत मला ही सर्वांत मोलाची वाटते आणि यात चिपचे काम सर्वांत थोडे आहे.

आजोबांची पायपीट

घरातून आता शेतावर जाऊ. कारण मोटर चालू-बंद करण्याचा हा प्रश्न शेतकऱ्याला कितीतरी जास्त छळतो. विहिरीवरचा पंप घरापासून लांब आणि शेतीची वीज बरेचदा रात्रीची. वीज आली की नाही हे पाहायलाच अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने जायचे. गेल्यावर कळते, वीज नाही! पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल विद्यार्थी असताना, १९८१ च्या सुमारास, त्यांनी आपल्या वृद्ध आजोबांची अशीच पायपीट पाहिली. पंपासाठी म्हातारा माणूस लंगडत लांबवर जातो हे त्यांच्या मनात राहिले. आधी त्यांनी बिनतारी रिमोटचे प्रयोग केले. मोबाईल फोन स्वस्त झाल्यावर त्यातून ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार झाले.

हे यंत्र पंपाच्या स्टार्टरशेजारी बसते. शेतकरी घरून त्याला फोन लावतो. वीज आहे की नाही हे त्याला आवाजावरून कळते. असेल तर तो ठरलेले आकडे दाबतो आणि पंप चालू होतो. दुसरे आकडे दाबले की बंद. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत नॅनो गणेशला पहिले पारितोषिक मिळाले. यात महागडा मोबाईल लागत नाही आणि वाचता येण्याचीही गरज नाही, याचे मला विशेष वाटते. कारण हल्ली गच्चीवरच्या टाकीसाठीही ‘ॲप’ काढणारे महाभाग भेटतात. एकमजली घरात टाकीची पातळी फोनवर पाहण्यापेक्षा स्वयंपाकघरात दोन दिवे लावावेत, हिरवा आणि लाल. आजींनाही दिसतात.

मुलांसाठी सोय

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून देशभरातल्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आणि त्यांची संख्या १०,००० वर गेली आहे. सहावी ते बारावीच्या मुलांना तिथे असे बोर्ड, सेन्सर आणि सोल्डरिंगची साधने हाताळता येतात. तुमच्या मुलाच्या शाळेत अशी लॅब असेल तर टाकीचा हा प्रकल्प त्याला सुचवा. आधी बादलीवर करून पाहायचा, मग पिंपावर आणि महिनाभर बिनचूक चालला तरच गच्चीवर. बादलीत हात घालून फ्लोट मुद्दाम अडकवावा, मध्येच वीज घालवावी, एखादी तार उपटावी. प्रत्येक वेळी मोटर बंदच झाली पाहिजे.

आणि डब्यावर एक साधा स्विच हवाच, ज्याने चिपला बाजूला सारून मोटर हाताने चालवता येईल. झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. कुठल्या रंगाची तार कुठे जाते, टाकी भरायला किती मिनिटे लागतात, घंटी वाजली तर काय पाहायचे आणि तो स्विच कुठल्या बाजूला केला की मोटर हाताने चालते, हे सगळे स्वच्छ मराठीत आणि शक्य तर हिंदीतही लिहा. कारण डबा बनवणारा मुलगा बारावीनंतर पुण्याला नाही तर बंगळूरला निघून जातो. मागे उरतात आई, आजी आणि बोलावल्यावर संध्याकाळी येणारा इलेक्ट्रिशियन.